धाकट्या जावेची बॅच

धाकटी जाऊ लग्न होऊन येईपर्यंत आमच्या घरातली शिकलेली सून मी होते. सायखेड्याच्या शाळेत माझा पहिला नंबर कधी चुकला नव्हता. बारावी झाली, वडिलांनी स्थळ बघितलं आणि मी नाशिकला, मखमलाबादच्या बाजूला मळ्यातल्या घरात आले. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब आणि मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर असा आमचा मळा. कॉलेजला जायचं राहून गेलं, पण त्याचं दुःख करत बसायला वेळ नव्हता आणि घरात मला मानही होता. बँकेचं पत्र आलं, वीजबिलात काही घोळ झाला, औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचायचं असलं, की सासरे अंगणातून हाक मारायचे, "सूनबाई, जरा बघ गं, काय लिव्हलंय हे." मी पदराला हात पुसत बाहेर यायचे आणि वाचून दाखवायचे. शेजारच्या मळ्यातले लोकही यायचे.

मग दिराचं लग्न ठरलं. मुलगी नाशिकरोडची, बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली आणि नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका खाजगी क्लासमध्ये शिकवणारी. सासरे भेटेल त्याला सांगत सुटले, "धाकटी कॉम्प्युटरची मास्तरीण हाय बरं का."

मला त्या वेळी काही वाटलं नाही. वाटलं ते लग्नानंतर काही दिवसांनी. दुपारची वेळ होती, पोस्टमन येऊन गेल्याचं मला स्वयंपाकघरातून कळलं होतं. सासऱ्यांची हाक ऐकू आली, "सूनबाई!" मी भाकरी तव्यावरून उतरवली, पुढची टाकली, हात पुसले आणि बाहेर आले. तोवर पत्र तिच्या हातात होतं. ती भरभर वाचून मराठीत समजावून सांगत होती आणि सासरे मान डोलवत होते. मी दाराच्या चौकटीत उभी होते, पण माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. मी आत गेले. तव्यावर टाकलेली पुढची भाकरी करपली होती.

ती वाईट नव्हती, हे आधीच सांगते. वाईट असती तर सोपं झालं असतं. मला 'ताई' म्हणायची, सणाला वाकून नमस्कार करायची, क्लासवरून येताना माझ्या मुलासाठी काहीतरी आणायची. पण ती सकाळी इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घालून, खांद्याला पर्स लावून निघायची, तेव्हा मी शेवंतीच्या वाफ्यात चिखलात उभी असायचे. "येते हं ताई," असं ती बांधावरून म्हणायची. मी हात वर करायचे. हातात विळा असायचा.

एके दिवशी तिने क्लासमधून एक रंगीत कागद आणला. आमच्या मळ्याचं वेबपेज तिने बनवलं होतं, त्याची ती छापलेली प्रत होती. वर मोठ्या अक्षरांत आमच्या घराण्याचं नाव, मध्ये झेंडूत उभ्या असलेल्या सासऱ्यांचा फोटो, खाली चार ओळी इंग्रजीत. सासऱ्यांनी त्याची फ्रेम करून घेतली आणि देवांच्या फोटोंशेजारी भिंतीवर लावली. फुलं घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याला, पाहुण्यांना, अगदी पंप दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही ते फ्रेमसमोर नेऊन उभं करायचे. "आपला मळा कॉम्प्युटरात गेला. धाकटीनं घातला."

ज्या मळ्यात तिचं पाऊल कधी चिखलानं भरलं नाही, तो मळा भिंतीवर तिच्या नावाने लागला होता. मी जेवायला वाढत होते. वाढता वाढता माझ्या तोंडून निघून गेलं, "मलाही कॉम्प्युटर शिकायचाय."

सासूबाई हसल्या. "तुला गं कशाला? फुलं काय कॉम्प्युटर तोडणार हाय?"

नवरा ताटातून वर बघून म्हणाला, "शिकू दे की. सकाळची तोड झाल्यावर दुपारी काय काम असतं?"

धाकटीचा चेहरा उजळला. "ताई, माझ्याच बॅचला या ना! एचटीएमएलची नवीन बॅच सुरू होतेय. म्हणजे वेबपेज बनवायचं शिकायचं. मी सरांशी बोलते."

तिच्याच बॅचला! माझ्या डोक्यात दुसरा कुठलातरी क्लास होता, दुसरे कुठलेतरी सर. पण आता नाही म्हणायची सोय नव्हती.

द्वारकेच्या चौकात रिक्षा, ट्रक आणि एसटीचा कालवा आणि जिना चढून वर गेलं की एकदम गारवा. कॉम्प्युटरसाठी तिथे एसी होता. चपला बाहेर काढायच्या. सगळी मुलं-मुली कॉलेजची. मी पाचवारी साडी नेसून, मोठं कुंकू लावून आत गेले, तर एका मुलाला वाटलं कोणाची तरी आई आलीये. त्याने मला बसायला बाहेरची खुर्ची दाखवली.

आणि मग जाऊ आत आली. मुलं उठून उभी राहिली. "गुड आफ्टरनून, मॅडम." मीही उभी राहिले. घरात मी बसलेली असताना ती उभी राहायची. इथे तिने माझ्याकडे बघून हसून मान हलवली आणि हाताने सगळ्यांना बसायची खूण केली. मीही बसले.

तिने फार चांगलं शिकवलं. आजही हे लिहिताना हात थोडा अडखळतो, पण खरं आहे. ती म्हणाली, "वेबपेज म्हणजे साधा मजकूर. कुठला मजकूर मोठा दिसावा, कुठला ठळक, कुठे परिच्छेद सुरू व्हावा, हे ब्राउझरला सांगायला आपण खुणा करतो. त्या खुणा म्हणजे टॅग. सुरू करताना एक टॅग, संपवताना तोच टॅग, फक्त आत एक तिरकी रेघ. पानाचं एक डोकं असतं, हेड. एक अंग असतं, बॉडी. डोक्यात पानाचं नाव, अंगात बाकी सगळं." तिने हे पडद्यावर करून दाखवलं. तिची बोटं कीबोर्डवर न बघता चालत होती. मी मजकुराकडे बघायचं सोडून तिच्या बोटांकडेच बघत राहिले.

पहिल्याच आठवड्यात माझं हसं झालं. मोठं शीर्षक करायचा टॅग मी सुरू केला आणि बंद करायला विसरले. पान उघडलं तर सगळा मजकूर भल्यामोठ्या काळ्या अक्षरांत, निवडणुकीच्या भिंतीसारखा. मागच्या रांगेतली मुलं फिसफिसली. ती माझ्या खुर्चीमागे येऊन वाकली, माझ्या खांद्यावरून हात पुढे घेतला, दोनचार कळा दाबल्या आणि पान सरळ झालं. "होतं असं सुरुवातीला," ती हळूच म्हणाली.

माझे कान तापले. त्या दिवशी मी ठरवलं, हिला काही विचारायचं नाही. अडलं तर अडलं.

घरी कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे सराव डोक्यातच करावा लागे. सकाळी झेंडू तोडताना मी मनात पान लिहायचे. इथे परिच्छेद, इथे चित्र, इथे यादी. टेबल मला सगळ्यात आवडलं. आडव्या ओळी आखायच्या आणि प्रत्येक ओळीत कप्पे पाडायचे. मळ्यात सऱ्या आणि वाफे पाडणाऱ्या बाईला ते समजायला वेळ लागला नाही. क्लासमध्ये जे चुके ते मी मिटवून पुन्हा लिही. बाकीची मुलं सारखी हात वर करायची, "मॅडम, हे येत नाहीये." मॅडम त्यांच्याकडे जायच्या. माझ्याकडे यायला लागल्या की मी म्हणायचे, "जमतंय मला."

आठवड्यातून एकदा इंटरनेट लावून मिळायचं. फोनच्या लाइनमधून तो किरकिर, घरघर आवाज व्हायचा आणि मग बऱ्याच वेळाने एखादं पान वरून खाली उलगडत यायचं. मुलं तेवढ्या वेळात ईमेल बघायची, अनोळखी लोकांशी गप्पा मारायची. मला एक गोष्ट सापडली होती. कुठलंही पान उघडून मेनूत 'व्ह्यू सोर्स' केलं की ते पान कसं लिहिलंय ते सगळं दिसायचं. जणू परक्या बाईच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून बघावेत. मी डबे उघडत गेले. जाऊ जे शिकवत नव्हती, तेही मला दिसायला लागलं.

क्लासच्या वर्धापनदिनाला प्रत्येकाने एक पान करायचं आणि पालकांसमोर दाखवायचं असं सरांनी जाहीर केलं. सर म्हणजे क्लासचे मालक, पन्नाशीचे, मोठ्या आवाजाचे. मी मळ्याचंच पान करायला घेतलं. जावेच्या पानावर सासऱ्यांचा फोटो होता. माझ्या पानावर काम होतं. वर्षभरात कधी कुठलं फूल लागतं, तोड कधी सुरू होते, कधी संपते, सणाला कशाची मागणी, याचं मोठं टेबल. अडचण अशी होती, की झेंडू कित्येक महिने चालतो आणि शेवंतीची लावण त्याच्या मधेच येते. एकच कप्पा अनेक ओळींवर पसरायला हवा होता. हे तिने शिकवलं नव्हतं. मी दुसऱ्यांच्या पानांत डोकावून ते शोधलं. रोस्पॅन म्हणतात त्याला. पहिल्यांदा केलं तर टेबल वेडंवाकडं झालं, कप्पे एकमेकांना ढकलून बाहेर पडले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा केलं. मग एका दुपारी झेंडूचा एकच लांब केशरी कप्पा पडद्यावर उभा राहिला आणि शेजारी बाकीची फुलं आपापल्या जागी बसली. मी कोणाला दाखवलं नाही. फ्लॉपीवर घेतलं आणि फ्लॉपी पर्समध्ये ठेवली.

वर्धापनदिनाला सासरे, नवरा, दीर सगळे आले होते. मुलांची पानं झाली. कुठे नट्यांचे फोटो, कुठे आडवी पळणारी अक्षरं. मग माझं पान उघडलं. सर पुढे वाकले. चष्मा वर केला. "अरे वा! हे टेबल... असा कप्पा तर आपल्या कोर्समध्ये पण नाही." ते वळले आणि जावेला म्हणाले, "मॅडम, फार छान करून घेतलंत हो यांच्याकडून."

मी तिच्याकडे बघितलं. तिला माहीत होतं. तिने ते टेबल त्या क्षणापर्यंत पाहिलंही नव्हतं. तिचे ओठ किंचित हलले, मग ती नुसती हसली आणि तिने खाली बघितलं. टाळ्या वाजल्या. परत येताना टेम्पोत सासरे दिराच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बायको लय हुशार हाय तुझी. आमच्या थोरलीलाबी शिकवलं तिनं!"

घरी येऊन मी भांडी घासली. भांड्यांचा आवाज ऐकून सासूबाई म्हणाल्या, "पितळ हाय गं ते, पोचे पडतील."

त्याच वर्षी दिराला पुण्यात नोकरी लागली आणि ती दोघं गेली. टेम्पोत सामान चढवताना तिचे डोळे भरून आले होते. मी तिला शेवंतीची वेणी दिली, पाठीवरून हात फिरवला, आणि टेम्पो वळणाआड गेल्यावर मोकळा श्वास घेतला. आता पत्रं पुन्हा माझ्याकडे येणार होती. पण मला आता पत्रं पुरणार नव्हती.

थोड्या दिवसांनी सरांचा घरी फोन आला. जावेने काही फाइली कुठे ठेवल्यात ते विचारायला. बोलता बोलता म्हणाले, बॅचला शिकवायला कोणी मिळत नाहीये.

"सर, मी घेऊ?"

"तुम्ही? तुमच्या जाऊबाईंसारखं जमेल का पण?"

"तिच्यासारखं नाही जमणार. बघा हवं तर चार दिवस."

सरांनी चार दिवस बघितलं आणि ठेवून घेतलं. सासूबाईंनी विचारलं, "फुलं कोण तोडणार मग?" मी म्हटलं, "आत्या, फुलं सकाळी. क्लास दुपारी." नवऱ्याने दुसऱ्या दिवशी तोडीला एक बाई जास्तीची लावली.

तो काळ माझ्या आयुष्यातला फार चांगला काळ होता. मी साडीच नेसून जायचे. ओढा, सिन्नर अशा गावांहून मुलं माझ्या बॅचला यायची, एक मुलगी तर लांबच्या हरसूलची होती. ती शहरात मामाकडे राहून शिकत होती, पडद्यावर पहिल्यांदा स्वतःचं नाव उमटल्यावर तोंडावर हात ठेवून बसली होती. मला मुलं मॅडम म्हणायची. तरीही जुनी मुलं अधूनमधून क्लासवर यायची आणि विचारायची, "आधीच्या मॅडम येत नाहीत का आता?" पुण्याला बसलेली बाई माझ्या वर्गात येऊन बसायची. मी विचारणाऱ्याला हसून सांगायचे, "नाही, त्या पुण्याला असतात," आणि मग तासभर माझा आवाज चढलेला राहायचा.

दिराच्या कंपनीने पुढे बरीच माणसं कमी केली, त्यात तोही आला. ती दोघं परत आली, कडेवर वर्षाची मुलगी घेऊन. दिराला सातपूरला काम मिळालं. जाऊ घरातच होती. मी दुपारी साडी बदलून पर्स खांद्याला लावायचे, तेव्हा ती मुलीला भरवत ओट्यावर बसलेली असायची. "येते गं," मी म्हणायचे. खोटं कशाला सांगू, ते म्हणताना मला बरं वाटायचं.

ते फार दिवस टिकलं नाही. एके दिवशी क्लास सुटल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम परत आल्यात असं ऐकलं. त्यांना विचारून बघा ना, येतील का? त्यांची डिग्री आहे, अनुभव आहे... तुमच्यासाठी आपण काय, दुसरं काहीतरी बघू."

दुसरं काहीतरी. मी मान हलवली आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर शेवंती तोडायला आली होती. हल्ली येत असे. मी फुलाकडे बघतच म्हटलं, "सर बोलावतायत तुला. माझी बॅच देतील."

"मी तुमची बॅच नाही घेणार, ताई."

"दान नकोय मला तुझं."

"दान काय त्यात?"

"सगळंच तर तुझं असतं! पत्र वाचलंस तू, मळा भिंतीवर लावलास तू, मी घाम गाळून टेबल केलं तर टाळ्याही तुला! पहिल्या दिवसापासून तू माझ्या डोळ्यांत खुपतेस, माहितीये?"

बोलून झाल्यावर मलाच धाप लागली. दोन वाफ्यांपलीकडची तोडणारी बाई कंबर सरळ करून आमच्याकडे बघायला लागली. जावेने हातातली फुलं पाटीत टाकली.

"माहितीये," ती म्हणाली. "अख्खी बॅच प्रश्न विचारायची. तुम्ही एकदाही नाही विचारला. मला कळत नव्हतं का?"

मी पुढच्या फुलाला हात घातला.

"आणि त्या दिवशी सर म्हणाले ना, छान करून घेतलंत म्हणून. मी सांगू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मला ते टेबल येत नव्हतं, ताई. मी मास्तरीण आणि मला येत नव्हतं. माझ्या पोटात दुखलं. म्हणून गप्प बसले." तिने पाटी उचलून कडेला ठेवली. "पुण्याला जाईपर्यंत तुमच्याकडे बघायला लाज वाटायची."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझं समाधान होईल. झालं नाही. राग तर आलाच, पण आता तो मोकळा राग होता. तिच्याकडे बघून बोलून दाखवता येण्यासारखा. मी म्हटलं, "सांगायला हवं होतंस तू. सासऱ्यांना तरी."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

त्या संध्याकाळी सासरे ओट्यावर बसले असताना तिने सांगितलं. मी आत पीठ मळत होते, मला ऐकू आलं. "मामा, ते फुलांचं टेबल ताईंनी स्वतः केलं होतं. मी नव्हतं शिकवलं." सासरे म्हणाले, "बरं, बरं. पोरीला आत घे, डास चावतील." एवढंच. त्यांच्या लेखी ती गोष्ट केव्हाच जुनी झाली होती.

सरांकडे ती स्वतः गेली. एचटीएमएल थोरल्या मॅडमच घेतील, मला पुढचा कोर्स द्या, असं सांगून आली. सरांनी वरच्या मजल्यावर नवीन वर्ग काढला, प्रोग्रामिंगचा. माझ्याकडची मुलं पायाभूत गोष्टी शिकून तिच्याकडे जायची. म्हणजे पुन्हा ती वर आणि मी खाली, पण या वेळी मला कोणी उठवलं नव्हतं. मुलीला सासूबाई सांभाळायच्या. आम्ही दोघी तिच्या स्कूटीवर द्वारकेपर्यंत जायचो. ती चालवायची, मी मागे. कधी गप्पा व्हायच्या, कधी वाटेत भांडण व्हायचं. "तुमच्या पोरांना टेबल येतं पण फॉर्म येत नाही," ती म्हणायची. "तुझ्या पोरांना सगळं येतं, नीट बसता येत नाही," मी म्हणायचे. आधी असली भांडणं नव्हती. आधी नुसती भांडी वाजायची.

पण दुपारी मी शिकवायला उभी राहिले की वरून, छताच्या पलीकडून, अधूनमधून मोठं हसू ऐकू यायचं. अख्खा वर्ग एकदम हसायचा. ती काय बोलली असेल, याचा मी विचार करत थांबायचे. माझा वर्ग असा कधी हसत नसे. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने एकदा वर बोट करून विचारलंच, "मॅडम, वर काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू आपल्या पडद्याकडे बघ."